काकाक खबर आसा

आमच्या गोव्यात जत्रेच्या नाटकाच्या बोर्डावर बाहेरगावच्या नटीच्या नावाआधी 'कु.' हमखास असतं. नटी चाळिशी ओलांडलेली असो, तिची मुलगी कॉलेजात असो, बोर्डावर ती कुमारीच. खाली गावचे कलाकार खऱ्या नावा-आडनावानिशी. राजा शाळामास्तर असतो, सेनापती कदंबच्या बसवर कंडक्टर. वर ठळक अक्षरांत 'कु.' आणि एक घेतलेलं नाव.

मी रंगभूषा करतो. कार्तिक लागला की पेटी बाहेर पडते ती वैशाख सरेपर्यंत फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे अशी फिरत राहते. दिवसभर कोंकणीत बोलणारं गाव मध्यरात्री ऐतिहासिक मराठीत गर्जायला लागतं. पालखी, फेरी, पावणी सगळं आटोपल्यावर कुठे पडदा वर जातो, आणि तो पडेपर्यंत कोंबडे आरवायला लागतात. गावच्या घरातल्या बाया सहसा या नाटकांत उभ्या राहत नाहीत. राणी बाहेरून येते, ठरलेली नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, घेते आणि जाते.

ज्या रात्रीबद्दल सांगतोय ती सत्तरीतल्या एका गावातली. देवळामागच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, आमची मेकअपची खोली. राणीचं काम करणारी बाई म्हापशाहून आलेली. तिचा चेहरा मी कित्येक हंगाम रंगवलाय. उजवी भुवई मुळातच जरा वर चढलेली, ओठ पातळ, कपाळ मोठं. त्या दिवशी ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मास्तर, आज मला ओळखता येणार नाही असं करा."

मला वाटलं थट्टा करतेय. मग तिने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. मुलीचं जमत होतं. मुलगा याच गावचा, याच वाड्यावरचा. मुलाचे आईवडील पंधरवड्यापूर्वी म्हापशाला घर बघून गेले होते. त्यांना सांगितलं होतं, मुलीची आई शिवणकाम करते. त्या दिवसापुरतं शेजारणीचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं. ही नाईट मात्र दिवाळीतच घेतलेली, स्थळ नंतर आलं. आणि घेतलेली नाईट ऐन वेळी सोडली तर पुढच्या हंगामात फोन येत नाहीत, हे या धंद्यातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

"पुढच्याच रांगेत बसणार ती माणसं," ती म्हणाली. "देवळाच्या महाजनांतली आहेत, मानकरी."

नटीला सुंदर करायचं काम मी डोळे मिटून करीन. हे उलटं होतं. माणूस ओळखू येतो तो भुवया, केसांची कड आणि ओठांची रेघ यांवरून. रंगाने फारसं काही लपत नाही. मी साबण ओला करून तिच्या भुवया चेपून बसवल्या, वरून पॅनकेकचा थर दिला आणि नवीन भुवया काढल्या, सरळ, जाड, एकमेकींच्या जवळ. नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी शेडिंग ओढलं, नाक लांब झालं. खालचा ओठ भरला. गंगावन पुढे ओढून कपाळ दोन बोटं कमी केलं. आरशात कोणी तरी करारी, थोडी खाष्ट बाई बसली होती.

"आवाजाचं काय?" तिने विचारलं.

"आवाजाला पॅनकेक नाही," मी म्हटलं.

एवढ्यात राजा आत आला. शाळामास्तर. त्याला दाढी लावायची होती. राणी बाजूच्या खुर्चीवर सरकली, मी त्याच्या हनुवटीला स्पिरिट गम लावून क्रेपचे केस दाबायला लागलो. गम सुकेपर्यंत तोंड हलवायचं नसतं. तो ओठ न हलवता, आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाला, "बाय, तुमी भियेवं नाकात. काकाक खबर आसा."

घाबरू नका, काकांना ठाऊक आहे. काका म्हणजे मुलाचा बाप. हा त्यांचा सख्खा पुतण्या.

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. काकांनी तिला आमोण्याच्या जत्रेत पाहिली होती, आणखी कुठे कुठे पाहिली होती. म्हापशाच्या घरात शिरता क्षणीच ओळखलं होतं. शिवणयंत्राचं कौतुकही करून आले होते. मुलगी पसंत होती, नोकरी करणारी होती, घर सरळ वाटलं होतं. मंडळाच्या सगळ्या पोरांना माहीत होतं. बक्षिसं पुकारताना बाईचं नाव घ्यायचं नाही, 'राणीची भूमिका करणाऱ्या कलाकार' एवढंच म्हणायचं, हे काकांनीच खजिनदाराला बजावलं होतं.

ती गप्प झाली. मग हात चेहऱ्याकडे नेत म्हणाली, "मग हे पुसून टाकू?"

"नाका, नाका. आसूं दियात," तो घाईने म्हणाला. त्याची दाढी एका बाजूने सुटली.

ती परत चिकटवताना मला खरं तर हसू येत होतं आणि रागही येत होता. न कळलेल्यांसाठी तोंड रंगवणं मला समजतं. इथे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनाच ते रंगवलेलं हवं होतं.

आमच्या गोव्याची ही जुनीच तऱ्हा. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयजर यानातून अंतराळात गेला. कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत काम करत होत्या. या बायांनी गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं आणि आज गोवा त्या नावांवर मिरवतो. त्यांच्या काळात त्यांच्या पंगतीला कोण बसलं असतं, ते विचारू नये. दुसरीकडे मंगेशीचे दीनानाथ. साडी नेसून रंगमंचावर आले तर लोक वेडे झाले, आणि पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. त्याच अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आता शिक्षिका, बँकेतल्या बाया झकास कामं करतात, पेपरात फोटो येतो, शाळेत सत्कार होतो. त्यातल्या एकीला मी एकदा विचारलं, तुमच्या गावच्या जत्रेत का नाही करत? ती म्हणाली, "मास्तर, तिथे सासरे असतात."

नाटक चांगलं झालं. बाईने त्या रात्री आवाज खालच्या पट्टीत ठेवला, ओळखू येऊ नये म्हणून. दरबाराच्या प्रवेशात ती एरवी किंचाळायची, त्या दिवशी जवळजवळ कुजबुजली, आणि खाज्याच्या दुकानांपर्यंत उभे असलेले लोक गप्प झाले. इतकं चांगलं काम मी तिचं पूर्वी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या अंकानंतर माइकवरून बक्षिसं सुरू झाली. काकांकडून पाचशे एक रुपये, राणीची भूमिका करणाऱ्या कलाकारास. तिने पडद्याबाहेर येऊन पहिल्या रांगेला नमस्कार केला. काकांनीही हात जोडले. बाजूला काकी बसल्या होत्या, त्या तिच्याकडे एकटक बघत होत्या.

पहाटे काकी तीन-चार बायांना घेऊन राणी बघायला आत आल्या. बाया येतातच, शालू हात लावून बघतात. काकींनी तिचा हात हातात घेतला, काम फार आवडलं म्हणाल्या, कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं.

"कणकवलीकडची," बाई म्हणाली. आवाज अजून खालच्याच पट्टीत.

"अस्सं," काकी म्हणाल्या. "जेवलात ना? नाही तर घराकडे चला, पेज आहे." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "शालूचा फॉल सुटलाय हो खाली. शिवून घ्या."

काकींना कळलं नव्हतं, असं मला आजही वाटत नाही. पण नवऱ्याला कळलंय हे त्यांना माहीत होतं का, आणि त्यांना कळलंय हे नवऱ्याला, ते त्या घराचं घर जाणे. काकी गेल्यावर बाईने खोबरेल तेल मागून घेतलं आणि चेहरा इतका घासला की भुवयांचे केस हाताला आले.

मे महिन्यात लग्न झालं. नवरीचा मेकअप मीच केला. मंडळाचीच पोरं वाढपाला. कुणी चुकूनही नाटकाचा विषय काढला नाही. काका प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, विहीणबाई शिवणकामात हुशार आहेत, आणि पाहुण्यांतले निम्मे तरी मान डोलावताना मिशीत हसत होते.

पुढच्या हंगामाआधी त्याच मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. नायिका बघून द्या. मी विचारलं, गेल्या वर्षीची? तो म्हणाला, छे, ती आता आमची विहीण, आमच्या मांडावर कशी उभी राहणार? मग जरा थांबून म्हणाला, पण पलीकडच्या गावचं मंडळही नायिका शोधतंय, तिथे तिने काम घेतलं तर बरं होईल, आम्ही सगळे बघायला जाऊ. काकांनीही विचारलंय.

मी तिला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "नाईट किती देतात?"