३१ टक्के

एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध जमा करून वर्ष होत आलं, तरी ऑफिसची ती खिडकी आठवली की अजून डोकं तापतं. बाकी सगळं सुरळीत झालं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावांत मधुमेही लोक पायांची काळजी कशी घेतात, हा माझा विषय. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत केली होती, माणसं मोकळेपणानं बोलली. अडलं ते शेवटच्या एका कागदावर.

प्रबंधातला मजकूर उचललेला नाही, हे सॉफ्टवेअरमधून तपासून दाखवावं लागतं. दुसरीकडच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळलेलं चालतं. माझा आकडा आला ३१. खिडकीतल्या माणसानं पहिलं पान बघितलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि फाइल परत सरकवली. नेमकं कुठं चुकलंय, असं विचारलं तर उत्तर एकच, "कमी करून आणा." दुसऱ्या दिवशी गेले तर साहेब जाग्यावर नाहीत. तिसऱ्या दिवशी "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. जुलैचा पाऊस, फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, खानापूरहून सकाळची बस पकडून यायचं आणि दोन मिनिटांत परत फिरायचं. काय कमी करायचं तेच कुणी सांगत नव्हतं. मी घाबरून माझी स्वतःची निरीक्षणं असलेली दोन पानंसुद्धा कापून टाकली होती.

चौथ्या दिवशी खिडकीवरून थेट लायब्ररीत जाऊन बसले. आमचे ग्रंथपाल सर धारवाडकडचे, घरी कन्नड, पण आमच्याशी बेळगावच्या मराठीत बोलायचे. माझा चेहरा बघून म्हणाले, "बस की. रिपोर्ट आख्खा आहे काय, का पहिलं पानच?"

आख्खा रिपोर्ट पेनड्राइव्हवर होता. मी तो उघडलाही नव्हता. सरांनी जुळलेल्या मजकुरावरचा एकेक रंगीत पट्टा दाखवला. सगळ्यात लांब पट्टा माझ्या संदर्भसूचीवर होता. तेच लेख आधी कितीतरी जणांनी तसेच नोंदवलेले, मग जुळणारच. दुसरा आभाराच्या पानावर, तिसरा अनुक्रमणिकेवर. मग त्यांनी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा नियम उघडला. संदर्भ, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं तपासणीत धरायचीच नसतात. सलग १४ शब्दांपर्यंत सहज जुळलेला नेहमीचा मजकूरही सोडून द्यायचा असतो. हे सगळं वगळून त्यांनी पुन्हा तपासलं, तर ३१चे १७ झाले. जे मोजायचंच नव्हतं, त्यासाठी मला चार दिवस पावसात फिरवलं होतं!

म्हणून आधीच सांगते, नुसत्या आकड्यावर गप्प बसू नका. पूर्ण रिपोर्ट मागा आणि काय वगळून तपासलंय ते विचारा.

पण उरलेले १७ माझेच होते. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा लिहिताना मी लेखातली वाक्यं दोन-दोन शब्द बदलून उतरवली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे छापील इंग्रजी वाक्य मोडलं तर अर्थ बिघडेल, अशी भीती वाटायची. सरांनी एक परिच्छेद वाचायला लावला आणि स्क्रीन बंद केली. म्हणाले, "आता वॉर्डातल्या आजीला सांगतेस तसं मला सांग."

मी म्हटलं, "साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून रोज तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरायचा."

"हेच इंग्रजीत लिही. आणि शेवटी संदर्भाचा नंबर टाक, वाक्य तुझं असलं तरी माहिती त्यांची आहे."

चार दुपारी आम्ही असंच केलं. कापलेली दोन पानं परत घातली. आकडा ७वर आला. दोन वर्षांत इंग्रजीची एवढी भीती कुणी घालवली नव्हती.

लेख शोधायचं त्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, ते राहिलंच. पबमेड ही वैद्यकीय लेख शोधायची साइट फुकट आहे, पण त्यात आख्खा प्रश्न टाइप करू नका. आधी 'मेश'मधलं, म्हणजे तिथल्या विषयांच्या यादीतलं, ठरलेलं शीर्षक बघा. 'डायबेटिक फूट' या एका शीर्षकाखाली 'फूट अल्सर' म्हणणारे लेखही येतात. मग 'सेल्फ केअर' जोडा, मधलं 'अँड' कॅपिटल अक्षरांत. मी नुसतं 'डायबेटिस' टाकून हजारो नावं बघत बसायची.

आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच घ्या, तेही फुकट आहे. व्हँकुव्हर पद्धतीत संदर्भांचे नंबर मजकुरात येतील त्या क्रमानं लागतात, मध्ये एक घातला की पुढचे सगळे बदलतात. मी ते हातानं केले, दोन रात्री गेल्या.

पुन्हा खिडकीवर गेले ते नवा रिपोर्ट, नियमाची प्रिंट आणि सरांच्या सहीची चिठ्ठी घेऊन. या वेळी त्या माणसानं दुसरं पानही उलटलं. शिक्का मारायला अर्धं मिनिट लागलं. पावती प्लास्टिकमध्ये घातली, आधी लायब्ररीत गेले आणि मग बसस्टँडला.