पिवळा बाण आणि आमची पांदण

32 वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली, सगळी वर्धा जिल्ह्यातच, आणि त्यातले किती दिवस पांदणीच्या, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या गाडीवाटेच्या, भांडणात गेले ते मोजता येत नाही. एक म्हणते माझी वहिवाट आहे, दुसरा म्हणते तुझ्या बापानं तरी पाहिली होती काय, पंच धुऱ्यावर (बांधावर) बसलेले, आणि मी गावनकाशावर बोट ठेवून उभा, की भाऊ ही पहा दोन तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एक तुटक रेषा म्हणजे पायवाट. नकाशात रस्ता असे पण जमिनीवर कपाशी असे. म्हणून पोरीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा तिथलं बाकी काय पाहिलं ते बाजूला राहू द्या, मी तिथल्या वावरातल्या पायवाटा पाहून आलो आणि त्याबद्दलच लिहितो आहे.

पोरगी राहते ग्लॉस्टरशायरमधल्या एका लहान गावात, जवळचं बाजाराचं गाव विंचकोंब, जावईबापूंची नोकरी चेल्टनममध्ये. कॉट्सवोल्ड म्हणतात त्या डोंगराळ पट्ट्याला. पिवळसर चुनखडीची घरं, वावरांना त्याच दगडाच्या भिंती, आणि भिंतीत चुना सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. आम्ही दोघं मे महिन्यात पोचलो, इकडे 45 डिग्री आणि तिकडे स्वेटर, रात्री नऊ वाजले तरी उजेड, मग करायचं काय तर चालायचं.

पहिल्या दिवशी जावईबापूंनी हातात नकाशा दिला, नारिंगी कव्हरचा, ऑर्डनन्स सर्व्हेचा, 4 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. नकाशा पाहणं हा माझा धंदा होता म्हणून मी तो जेवणाच्या टेबलावर पसरून तासभर पाहत बसलो. वावराच्या भिंतीसुद्धा त्यात आहेत, आणि त्यांच्यामधून हिरव्या तुटक रेषांचं जाळं, या गावाहून त्या गावाला, चर्चपासून नाल्याला, नाल्याहून टेकडीवर. प्रत्येक हिरवी रेषा म्हणजे लोकांचा चालायचा हक्क. जमीन खाजगी मालकाची, पण पायवाट सगळ्यांची. तिकडे फूटपाथ म्हणजे हीच, शहरातल्या रस्त्याच्या कडेची फरशी नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत!

गावाबाहेर पडलं की खांबावर पिवळा बाण दिसते, तो पायी चालणाऱ्यांचा. निळा बाण असला तर घोडा आणि सायकलही चालते. कॉट्सवोल्ड वे नावाची 102 मैलांची लांब वाट तिथूनच जाते, चिपिंग कॅम्पडेनहून बाथपर्यंत, तिच्या खांबावर ओकच्या फळाचं चित्र असते. भिंत किंवा कुंपण आडवं आलं की तिथं चढून उतरायला लाकडी नाहीतर दगडी पायरी, तिला स्टाईल म्हणतात, किंवा मग किसिंग गेट, म्हणजे असं फाटक की माणूस वळून निघून जाते पण ढोर निघत नाही. आमच्या सौ. ला ते फाटक एवढं आवडलं की आपल्या संत्र्याच्या बगीच्याला असंच करून घ्या म्हणून तिथूनच मागं लागली.

आता जे पाहून मी थांबलोच ते सांगतो. बेलस नॅप म्हणून एक टेकाड आहे डोंगरावर, पाच हजार वर्षांहून जुनी दगडी समाधी (आपल्या नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत त्याची आठवण झाली, ती लोहयुगातली, ही त्याहून जुनी), तिकडे जायचं म्हणून निघालो तर वाट सरळ गव्हाच्या उभ्या पिकातून. कंबरेएवढा हिरवा गहू आणि त्याच्या मधोमध एका माणसाच्या रुंदीची पट्टी मोकळी, इकडून तिकडे सुतासारखी. मला वाटलं लोकांच्या पायानं तुडवलं गेलं असेल. नाही. ती पट्टी शेतकऱ्यानं स्वतः मोकळी ठेवली होती. तिथला कायदा असा आहे की वावराच्या मधून जाणारी पायवाट नांगरता येते पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली की 14 दिवसांच्या आत परत चालण्यासारखी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद, आणि तिच्यावर पीक वाढू द्यायचं नाही. धुऱ्याच्या कडेनं जाणारी असेल तर नांगरायचीच नाही. मी त्या गव्हात उभा राहिलो आणि डोळ्यासमोर आमच्याकडची किती प्रकरणं आली, तिफण अशी चालवायची की दरसाल एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, पांदणीत सरकते, दहा वर्षांत बंडी (बैलगाडी) जायची बंद, मग धुऱ्यावरची बाभूळ आडवी, आणि शेवटी पावसाळ्यात म्हातारा बाप आजारी पडला तर खाटेवर टाकून चिखलातून आणायचा.

तिकडे हे सुखासुखी झालेलं नाही. पोरीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, जन्मभर शेती केलेले, त्यांनी सांगितलं, पोरगी मधे बसून मराठीत करून देत होती. 24 एप्रिल 1932 ला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मँचेस्टरकडचे शेकडो कामगार लोक मुद्दाम घुसले, कारण जमीनदारांनी शिकारीसाठी तो डोंगर बंद ठेवलेला होता, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात टाकलं. मँचेस्टर म्हटलं की मला आमचं हिंगणघाट आठवते, एकेकाळी हिंगणघाटचा कापूस तिकडच्या बाजारात नावाजलेला होता. त्या लोकांची मागणी फक्त रविवारी मोकळ्या हवेत चालू द्या एवढीच होती. पुढं 1949 साली कायदा आला आणि प्रत्येक कौंटीनं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यानं, आपल्या हद्दीतल्या सगळ्या वाटा पक्क्या नकाशावर आणायच्या असं ठरलं. आणि याद्या कोणी केल्या, तर गावोगावच्या ग्रामपंचायतीसारख्या पॅरिश कौन्सिलांनी, लोकांनी स्वतः चालून, ही वाट इथून निघते, इथं पायरी आहे, इथं फाटक मोडलं आहे, असं लिहून. त्या नकाशात वाट आली की तोच पुरावा, मग मालक बदलो की पीक बदलो.

हे ऐकून मला झोप आली नाही त्या रात्री, खरंच सांगतो. कारण आपल्याकडे हे सगळं आहे. नाही असं नाही! 1966 च्या जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी वेगळं प्रकरण आहे, कलम 161 ला निस्तारपत्रक (गावच्या मोकळ्या जमिनीतून चराई, सरपण घ्यायच्या हक्कांची नोंद) आणि कलम 165 ला वाजिब-उल-अर्ज, त्यात गावातल्या पाण्याच्या, रस्त्याच्या, मासे धरायच्या वहिवाटी नोंदवायच्या असतात. तिकडे वीस वर्षं न लपता, न भांडता, न विचारता लोक चालले की वाट लोकांची होते, तर आपल्या 1882 च्या सुखाधिकार कायद्यातही (दुसऱ्याच्या जमिनीवरून जायच्या-यायच्या अशा हक्कांचा कायदा) वीसच वर्षं आहेत. रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि आमचे लोक येणार तीन वर्षांनी, कारण आधी सोयरे बसतील, मग पोलीस पाटील समजावेल, मग पोळा होऊ द्या, मग दिवाळी. सहा महिने उलटले की किती चांगली माणसं माझ्यासमोरून हात हलवत परत गेली. नवीन वाचणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवा, अर्ज आधी टाका, बैठक मागून करा.

ढोरांचंही सांगून टाकतो. तिकडे वाट गायीच्या कुरणातूनही जाते, पण दुधाळ जातीचा दहा महिन्यांवरचा वळू तिथं सोडता येत नाही. एकदा वासरांवाल्या गायी आमच्याकडे पाहून पुढं आल्या, सौ. नं मला हाताला धरून बाजूनं लांबचा फेरा घेतला, गाय आणि वासराच्या मधून जायचं नाही हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि नेटल म्हणून एक झाड लागलं पायाला तर खाजकुहिरीसारखी आग, शेजारच्या म्हाताऱ्यांनी डॉकचं पान चोळायला दिलं.

ऑगस्टमध्ये परत आलो. पाऊस उघडून जमीन वाळेपर्यंत थांबलो, मग भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढली आणि दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण निघतो. आधी लोक धुऱ्यावरून हाका मारत, "सायेब, काहून पायी फिरून राह्यले, शुगर निघाली काय?" आता कोणी विचारत नाही, दोन पोरं कॉलेजची येतात, एकजण मोबाईलवर वाट रेकॉर्ड करते. आतापर्यंत सात वाटा चाललो. दोन मोकळ्या, तीनमध्ये बाभूळ आणि घाणेरी, एकीवर झटका मशीनची (जनावराला विजेचा हलका झटका देणारी) तार आडवी, रानडुकराच्या आणि रोह्याच्या (नीलगायीच्या) त्रासानं लावलेली, त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, रात्रभर जागल करून त्याचा जीव चालला आहे, तारेला फाटक बसवता येते हे त्याला दाखवायचं आहे. ते किसिंग गेटचं चित्र मी वहीत काढून आणलं आहे, गावच्या सुताराला दिलं.

सातवी वाट नाल्याकडची. नकाशात दोन तुटक रेषा, आणि जमिनीवर शेदोनशे फूट सलग पऱ्हाटी, वेचणी चालू. आम्ही पिकात पाय टाकला नाही, धुऱ्यानं जाऊन पलीकडे निघालो. मालक वेचणीवाल्या बायांजवळ उभा होता, तो आमच्याकडे आला, मी काही बोलायच्या आधी नकाशाच मागितला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणे, "माह्या बापाच्या वक्ती बंडी जाये इथून. आम्ही लहान असताना बंडीवर बसून नाल्यावर जाओ." मी म्हटलं तेच लिहून आहे यात. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणे, "बंडीचं नाही जमत सायेब आता. पण पुढच्या साली दोन तासं सोडतो."

दोन तासांत बंडी जात नाही, माणूस जाते. मी वहीत गट नंबर, तारीख आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, त्याला वाचून दाखवले आणि त्यानं खाली सही केली.