लहान नाट्यगृहांसाठी मुंबईत तीन दिवस

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात नाटके पाहत मी मोठी झाले, त्यामुळे दर्शनी पडद्याच्या अलीकडे आपण आणि पलीकडे ते, ही विभागणी मला नाटकाचा नियमच वाटत असे. सत्तरच्या दशकात नोकरीसाठी दादरला राहिलेले माझे काका मात्र वेगळे सांगत. शाळेच्या एका सभागृहात नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळ बसून त्यांनी नाटके पाहिली होती, आणि नंतर मोठ्या नाट्यगृहात बसले की आपण कुणाच्या तरी घरात खिडकीतून डोकावतो आहोत असे त्यांना वाटे. ते जवळून पाहणे अनुभवावे म्हणून मी आणि माझी मावसबहीण शुक्रवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघालो आणि दादरला उतरलो.

काकांचे ते सभागृह म्हणजे स्थानकाच्या पश्चिमेला, चालत काही मिनिटांवर असलेली छबिलदास शाळा. अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ साली सुरू केलेल्या ‘आविष्कार’ या संस्थेने १९७४ पासून तेथे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग केले, आणि त्या चळवळीलाच पुढे शाळेचे नाव मिळाले. आज त्या गल्लीत खरेदीची गर्दी असते. तरीही प्रत्येक नाट्यप्रेमी प्रवाशाने तेथे दहा मिनिटे उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेच्या संकुलातील एक्सपेरिमेंटल थिएटरमध्ये होता. १९८६ साली उभ्या राहिलेल्या या काळ्या दालनात आसनांची मांडणी नाटकाप्रमाणे बदलता येते. त्या दिवशी प्रेक्षक दोन बाजूंना समोरासमोर बसले होते आणि मधल्या पट्ट्यात दोन बहिणी पुनर्विकासाला जाणाऱ्या चाळीतील आईची खोली आवरत होत्या. नेपथ्य म्हणजे एक लोखंडी कॉट, चार ट्रंका आणि भांड्यांचे पोते. धाकटीने आईचे लुगडे घडी घालण्याऐवजी तसेच छातीशी धरून ठेवले, तेव्हा माझ्या समोरच्या रांगेतील एका वयस्क गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या क्षणी मला नटी आणि ते गृहस्थ एकाच चौकटीत दिसत होते, आणि माझा चेहराही पलीकडून कुणाला तरी तसाच दिसत असणार, हे जाणवून मी नकळत सावरून बसले. अशी मांडणी असल्यास मधल्या रांगेत बसावे, कारण टोकाला बसलेल्यांना अर्धे प्रसंग पाठमोरे दिसतात. चर्चगेटहून येथे चालत येता येते. दक्षिण मुंबईत रिक्षा नसतात, टॅक्सी किंवा बस घ्यावी लागते, हे बाहेरगावच्या माणसाने लक्षात ठेवावे.

शनिवार वर्सोव्याच्या आरामनगरासाठी राखून ठेवला होता. जुन्या बैठ्या बंगल्यांच्या या वसाहतीत ऑडिशनसाठी आलेल्या तरुण मुलामुलींची दिवसभर ये-जा असते आणि त्यांतील काही बंगल्यांत स्टुडिओवजा छोटी नाट्यगृहे आहेत. वर्सोवा मेट्रो स्थानकावरून रिक्षा मिळते, परंतु आतले रस्ते सारखे दिसतात आणि पाट्या लहान असतात. म्हणून बंगल्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि अर्धा तास हाताशी ठेवावा.

येथे आम्ही दोन प्रयोग पाहिले. पहिला एकपात्री होता आणि तीन दिवसांत मला तोच सर्वांत जास्त आवडला. साठएक प्रेक्षक, पुढच्या दोन रांगा जमिनीवर गादीवर, आणि आमच्यापासून हातभर अंतरावर एक नट रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगत स्टोव्हवर खरोखरचा चहा करत होता. आले ठेचल्याचा वास खोलीभर पसरला. तो पात्राच्या मुलीबद्दल बोलू लागला तेव्हा त्याने आवाज इतका खाली आणला की चहा उकळण्याचा आवाज त्याच्या शब्दांवर येऊ लागला, आणि आम्ही सगळे एकदम पुढे झुकलो. हजार आसनांच्या नाट्यगृहात हे शक्यच नव्हते.

दुसऱ्या प्रयोगाची संहिता चांगली होती, पण नट शेवटच्या रांगेतल्या, तेथे नसलेल्या प्रेक्षकासाठी बोलत होते. मोठ्या रंगमंचावर शोभणारी आवाजाची फेक छोट्या खोलीत अंगावर येते. राग खरा असला तरी तो आरडाओरडा वाटतो. त्यातच शेजारून वरातीचा बँड गेला आणि दहा मिनिटे कुणालाच काही ऐकू आले नाही. अशा जागांत हे होणारच, पण बँड जाईपर्यंत नटांनी थांबायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

रविवारी जुहूचे पृथ्वी थिएटर. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ १९७८ साली उभारलेल्या या नाट्यगृहात सुमारे २०० प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. नाटक सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत. हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण पावलाजवळ प्रयोग चालू असताना अंधारात वाट शोधणारा माणूस नटाची एकाग्रता मोडतो. विलेपार्ले स्थानकावरून रिक्षाने येताना रविवारच्या संध्याकाळी चौपाटीकडे जाणाऱ्या गर्दीत आम्ही बराच वेळ अडकलो आणि तिसऱ्या घंटेआधी जेमतेम पोहोचलो. तुम्ही तासभर आधी निघा आणि उरलेला वेळ आवारातल्या कॅफेत घालवा.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही सांगते. लहान जागांची तिकिटे लवकर संपतात, म्हणून गाडीच्या आरक्षणाआधी नाटकाचे आरक्षण करावे. त्याच वेळी प्रयोगाची भाषा तपासावी, कारण पृथ्वी आणि आरामनगरात हिंदी व इंग्रजी प्रयोगही बरेच होतात. अनेक दीर्घांकांना, म्हणजे एकाच लांब अंकाच्या नाटकांना, मध्यंतर नसते. ज्येष्ठांनी आणि मधुमेह असलेल्यांनी आधी थोडे खाऊन घ्यावे, आणि गुडघेदुखी असल्यास दारावरच्या मुलांना खुर्चीबद्दल लगेच सांगावे, ती मिळते. मोबाइल नुसता मूक ठेवू नये, बंदच करावा. साठ माणसांच्या अंधारात पडद्याचा उजेडही नटाच्या चेहऱ्यावर पडतो. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा दुपारचा प्रवास त्याप्रमाणे ठरवावा, आणि रात्री परतायचे असल्यास शेवटच्या मेट्रोची वेळ आधीच पाहावी.

आणि प्रयोग संपल्यावर लगेच निघू नये. आरामनगरात तो नट चहाचे पातेले स्वतः विसळत होता. काकांविषयी सांगितल्यावर त्याने हात पुसले, आम्हाला दोन खुर्च्या दिल्या आणि छबिलदासमधले काय काय आठवत होते त्यांना, असे विचारत समोर बसला.