पाऊण आणि अर्धा

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे इथली मराठी बोलणारी ज्यू, मराठी शाळेत सातवीला गणित शिकवते. ही गोष्ट योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या पापांची क्षमा मागायच्या दिवसाच्या, चार दिवस आधीची. आमच्यातले जुने लोक त्याला दरफाळणीचा सण म्हणायचे, म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस, साधारण २५ तास कडक उपास न् प्रार्थना.

तर अपूर्णांक चालू होते. एका मुलाला फळ्यावर बोलावलं, ३/४ अधिक १/२. त्याने वरचे वर मिळवले, खालचे खाली, आणि लिहिलं ४/६. आठवडाभर तेच शिकवत होते, डोकं तापलेलं, मी बोलून गेले, "उद्यापासून तुझ्या धाकट्या भावाला पाठव, त्याला तरी येईल." वर्ग खो खो हसला. पोराचे कान आधी लाल झाले आणि मग चेहरा एकदम पांढराफटक, डस्टर बाजूलाच होतं पण त्याने शर्टाच्या बाहीनेच उत्तर पुसलं आणि जागेवर जाऊन बसला.

घरी आले तरी ती बाही डोळ्यासमोरून जाईना. ताल्मुदमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, म्हटलंय की चारचौघांत कुणाचा अपमान करणं म्हणजे रक्त सांडणंच, आणि त्यावर एक जण म्हणतो, खरंय, आम्ही बघतो ना, लाली जाते आणि पांढरेपणा येतो. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण ते असं समोर, दोन हातांवर, मी स्वतः केलेलं कधी बघितलं नव्हतं. आणि मिश्नात, म्हणजे ताल्मुदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, तर स्पष्टच आहे, माणसाने माणसाविरुद्ध केलेलं पाप योम किप्पूरने धुतलं जात नाही, आधी त्या माणसाची समजूत काढा. मी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, दिवसभर उभी राहिले असते तरी काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. अपमान सगळ्यांसमोर केला होता ना, मग स्टाफरूममध्ये बोलावून सॉरी म्हणणं मला पटेना. वर्ग चिडीचूप. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, पण चार छेद सहा का नाही?"

हे मी त्याला विचारायला हवं होतं! ताल्मुदमध्ये रब्बी प्रेदा नावाच्या गुरूंची गोष्ट आहे, त्यांचा एक शिष्य होता, त्याला प्रत्येक गोष्ट ४०० वेळा सांगावी लागायची आणि ते सांगायचे. मी चार वेळा तरी नीट सांगितलं होतं का? म्हटलं, ये फळ्यापाशी. पाऊण भाकरी काढली, शेजारी अर्धी काढली, विचारलं, चार छेद सहा पाऊणपेक्षा जास्त की कमी? बराच वेळ बघत बसला, बोटं मोजली, मग म्हणाला, "कमी. मिळवून कमी कसं होईल?"

आणि मग मागून कुणी सांगून नाही, पुस्तकातून नाही, स्वतःच, "बाई, आई पाऊण किलो कांदे आणि अर्धा किलो बटाटे आणायला सांगते, पिशवी सव्वा किलोची होते."

मी खडू त्याच्या हातात दिला.