आमची वाटचाल : ड्रिलची बॅटरी आणि आमचा कॅमेरा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं लेथचं वर्कशॉप आण्णांनी उभं केलं. पंपाचे शाफ्ट, ऑइल इंजिनचे सुटे भाग, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग, यावर घर चाललं. मी मात्र लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत फिरायचो. आण्णांच्या भाषेत, 'लोकांच्या पंगती मोजायचो'. हे दोन धंदे एकाच शटरखाली कसे आले, त्याची ही हकिकत.

सुरुवात झाली स्लायडरपासून. रुळावरून कॅमेरा सावकाश सरकवायचा तर हात कुठेतरी थरथरतोच, आणि मोटरचा तयार स्लायडर तेव्हा आवाक्यात नव्हता. मग ग्राइंडिंग केलेल्या दोन गुळगुळीत सळया, नायलॉनचे बुश आणि भंगारातली वायपरची मोटर घेऊन मीच एक जुळवला. चालला, पण आवाज असा की मुहूर्ताच्या वेळी भटजी थांबून माझ्याकडे बघायचे. त्याहून मोठं दुखणं बॅटरीचं होतं. 12 वोल्ट, 7 अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी, वजन दोन किलोच्या वर. वरातीत एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर ही धोंड. पावसाळ्यात कामं नसली की ती कोपऱ्यात पडून राहायची आणि हंगामाच्या पहिल्याच लग्नात दगा द्यायची.

एका शनिवारी रात्री, हळद संपताना, ती कायमचीच गेली. सकाळी लग्न. शेजारी फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या मामांच्या बाकावर कॉर्डलेस ड्रिल पडलेलं होतं. बॅटरी काढून हातात घेतली. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, आणि अंगावर 18 वोल्ट, 5 अँपिअर-अवर लिहिलेलं.

"मामा, एवढी उद्यापुरती देता का?"

"ने की. पण सोमवारी आठला मला गेट बसवायचंय, ध्यानात ठेव."

तिच्या दोन पात्यांना वायरी लावल्या, मध्ये वोल्टेज उतरवणारं एक स्वस्तातलं मॉड्यूल टाकलं आणि 12 वोल्ट काढले. स्लायडर दिवसभर चालला, एलईडी पॅनेलही चाललं. घरी आलो तो हवेतच. पिशवी कोपऱ्यात टाकली आणि झोपलो. पॅनेल पिशवीत चालूच राहिलं होतं. सकाळी बॅटरी चार्जरवर ठेवली तर चार्जर नुसता लाल दिवा मिचकावतोय. मीटर लावला : 9 वोल्ट.

त्या दिवशी कळलेली गोष्ट आमच्या सगळ्या धंद्याच्या मुळाशी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या बॅटरीत बोटभर उंचीचे सेल असतात. 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी, म्हणून त्यांना 18650 म्हणतात. एकेक 3.6 वोल्टचा. पाच सेल एकामागोमाग जोडले की 18. पूर्ण भरल्यावर प्रत्येक 4.2 वर जातो, म्हणजे पॅक 21 वर. काही कंपन्या याच पाच सेलच्या पॅकवर '20 वोल्ट मॅक्स' लिहितात. बाजारातल्या स्वस्त पॅकवर तर 48 आणि त्याहून मोठे आकडेही छापलेले असतात, मीटर लावला की तेच वीस-एकवीस. स्टिकर छापायला काय लागतं!

खाली मात्र या सेलला मर्यादा आहे. अडीच-तीन वोल्टच्या खाली ओढला की तो बिघडतो आणि चार्जर त्याला हात लावत नाही. ही राखण बॅटरीच करत असेल असं मी धरून चाललो होतो. कित्येक पॅकमध्ये ती बॅटरी करत नाही, ड्रिल करतं. आपण ड्रिल काढून टाकलं म्हणजे राखणदारच काढून टाकला. मामांना नवी बॅटरी घेऊन दिली. त्यांचं गेट मंगळवारी बसलं.

दुसरा धडा महागात पडला. कॅमेऱ्याच्या आत बॅटरीच्या आकाराचा डमी बसवून त्याला 8 वोल्ट द्यायचे, अशी सोय मी केली होती. एक दिवस तेच स्वस्तातलं मॉड्यूल आतून शॉर्ट झालं आणि पॅकचे सगळे वोल्ट सरळ कॅमेऱ्यात गेले. मदर बोर्ड संपला. अर्ध्या हंगामाची कमाई त्यात गेली. तेव्हापासून बॅटरी आणि कॅमेरा जोडणाऱ्या आमच्या प्रत्येक प्लेटमध्ये बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्युज असतो, बॅटरी 15 वोल्टपर्यंत उतरली की पुरवठा तोडणारं सर्किट असतं, आणि पुढे वोल्टेज चढलंच तर कॅमेरा जायच्या आधी फ्युज उडवणारी जोडणी असते. गिऱ्हाईक म्हणतं, फ्युज काढा की, दहा रुपयाच्या फ्युजपायी शूटिंग थांबलं. आम्ही काढत नाही.

प्लेट म्हणजे आमचा खरा माल. एका बाजूला ड्रिलच्या बॅटरीची खोबण, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दिवा आणि मॉनिटर यांच्या पिना. पहिल्या खोबणी आण्णांनी नायलॉनच्या ठोकळ्यातून मिलिंगवर काढल्या. एकेका खोबणीला अर्धा दिवस लागायचा. "एवढ्या वेळात चार शाफ्ट झाले असते," हे प्रत्येक खोबणीबरोबर ऐकायचं. मग थ्री-डी प्रिंटर घेतला. पीएलए प्लास्टिक छापायला सोपं म्हणून तेच वापरलं आणि एप्रिलमध्ये गडहिंग्लजहून फोन आला : बंद गाडीत ठेवलेली प्लेट केळीच्या सालीसारखी वाकलीय. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं. सगळ्या प्लेटी परत मागवल्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लास्टिकच्या करून दिल्या.

मंगलाष्टकांतली शिट्टी ही वेगळीच भानगड. रेकॉर्डिंगमध्ये बारीक 'कीं' असा सूर यायचा. सनईवाल्यावर संशय घेऊन झाला, माईक बदलून झाला. दोष होता वोल्टेज उतरवणाऱ्या आमच्याच मॉड्यूलचा. ते दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि शेजारून जाणाऱ्या माईकच्या वायरीत ते उतरतं. चांगलं मॉड्यूल, फिल्टर, वायरीतला असला गोंगाट अडवणारी फेराइटची कडी, आणि माईकची वायर लांबून नेणं, एवढं केल्यावर सूर गेला. वायपर मोटर जाऊन टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर आली, भटजींची तक्रारही मिटली.

जोतिबाच्या चैत्री यात्रेतला गुलाल ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. सासनकाठ्या नाचताना तो हवेतच तरंगत असतो आणि कुठेही शिरतो. पहिल्या वर्षी खोबणीत घामाने भिजलेला गुलाल असा बसला की बॅटरी आत जाईना. आता खोबणीला खालून फट ठेवतो, झटकला की पडतो. ही सुधारणा कुठल्या पुस्तकात सापडली नसती.

2019 च्या ऑगस्टच्या पुरात मात्र आमच्या प्लेटी कॅमेऱ्याला लागल्याच नाहीत. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, वीज गेलेली. उद्यमनगरात ज्याच्या त्याच्याकडे ड्रिलच्या भरलेल्या बॅटऱ्या होत्या. त्या गोळा केल्या आणि शूटिंगचे पॅनेल पूरग्रस्तांच्या मुक्कामी लावले. 18 वोल्ट गुणिले 5 अँपिअर-अवर, म्हणजे 90 वॉट-अवरच्या एका पॅकवर 10 वॉटचा दिवा रात्रीचे सात-आठ तास निघतो.

कोल्हापुरात कॅमेऱ्याचं काही केलं की लोक मूकपटांच्या काळात स्वतः कॅमेरा बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांचं नाव काढतात. नात्यातल्या आनंदराव पेंटरांच्या साथीने सुरू केलेला कॅमेरा, आनंदराव 1916 साली गेल्यावरही, बाबूरावांनी 1918 साली पुरा केला. त्यांच्या पंगतीला आम्हांला बसवू नये. आणि तो कॅमेरा दांडा हाताने फिरवून चालायचा, बॅटरीची कटकटच नाही. कधी कधी हेवा वाटतो.

आज आम्ही तिघं आहोत. स्लायडर, छोटी क्रेन, दिव्यांचे पॅनेल आणि प्लेटी करतो. बॅटरी विकत नाही, ती तुमची तुम्ही आणा, अस्सल असली तर उत्तम. पॅक फोडून सेल बदलून द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणतो. दोन पॅक एकमेकांना समांतर जोडून मागणाऱ्यालाही नाही. एक भरलेला, एक रिकामा असला की भरलेल्यातून रिकाम्यात धडाधड करंट जातो. विमानाने जाणाऱ्याला 18 वोल्ट, 5 अँपिअर-अवरचाच पॅक सुचवतो. तो 100 वॉट-अवरच्या आत बसतो, 6 चा बसत नाही, त्याला एअरलाइनची परवानगी लागते. सुटा पॅक हातातल्या बॅगेतच न्यायचा. अडचण एकच राहिलीय : प्रत्येक कंपनीची खोबण वेगळी, त्यामुळे आमच्या फळीवर प्लेटीचे साचे वाढतच चाललेत.

नवी खोबण करायची तर बॅटरी अजून मामांकडूनच उसनी आणतो. ते आधी मीटर लावतात, आकडा शटरवर खडूने लिहितात आणि परत घेताना पुन्हा मीटर लावतात.