तिकडे शिक्षण फुकट, मग परत का आलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे सोसायटीतल्या काकू, क्लासबाहेर स्कूटर लावून उभे असलेले पालक, नणंदेच्या सासरची मंडळी आणि हल्ली कुठून तरी नंबर मिळवून फोन करणारी, जर्मनीला निघालेली तरुण जोडपी. म्युनिकसारखं शहर, नवऱ्याची गाड्यांच्या कंपनीत चांगली नोकरी, शाळेला फी नाही, आणि मुलाची चौथी झाल्याबरोबर तुम्ही गाशा गुंडाळून कोथरूडला? इथवर आवाज मोठा असतो. मग तो खाली येतो: "मुलाला झेपलं नाही का हो?"

आजवर मी सासऱ्यांची तब्येत पुढे करत आले. त्यांना रक्तदाब होता, खोटं नाही. पण तो आम्ही तिकडे गेलो तेव्हाही होता.

म्युनिक ज्या राज्यात आहे, त्या बव्हेरियात चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एचएसयू नावाचा विषय, या तिघांच्या श्रेणींची सरासरी काढतात. 1 म्हणजे उत्तम, 6 म्हणजे पार बुडालेला. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. 2.66 पर्यंत रिअलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशूल, सगळ्यात खालची. मे महिन्याच्या सुरुवातीला दाखला हातात पडतो. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांत शेवटी आईवडील म्हणतील ते चालतं. बव्हेरियात आकडा म्हणेल ते.

आमच्या मुलाचं जर्मन 3, गणित 2, एचएसयू 3. काढा सरासरी: 2.66, म्हणजे रिअलशूल.

वर्गशिक्षिकेने आम्हाला आधीच, हिवाळ्यात बोलावून घेतलं होतं. चौथीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्या, गुडघे छातीशी आलेले, आणि बाई मात्र अतिशय प्रेमळ. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला लगेच एखादी खडूस, वर्णद्वेष्टी गोरी बाई दिसायला लागते. तशी असती तर बरं झालं असतं, मला रागवायला जागा मिळाली असती. त्यांनी एचएसयूचा पेपर समोर ठेवला. नगरपालिका कोणकोणती कामं करते, असा प्रश्न होता. मुलाने कचरा लिहिला होता, रस्ते लिहिले होते आणि तिसरं काम म्हणून लिहिलं होतं, "पाण्याचा टँकर पाठवते." खाली लाल नागमोडी रेघ. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे कुठून आणलं त्याने, कळलं नाही. आम्हाला कळलं होतं. सुट्टीत पुण्याला आला की सोसायटीच्या फाटकात तो टँकरचा पाइप बघत उभा राहायचा. त्या रेघेकडे पाहताना मला एकाच वेळी हसू आलं, अभिमान वाटला आणि पेपर उचलून फाडावासाही वाटला. बाकीच्या मुलांच्या आईवडिलांना नगरपालिका माहीत होती. तो विषय घरी बसून घोकायचा असतो आणि घोकून घेणारे आम्हीच कच्चे होतो.

मग बाई म्हणाल्या, "त्याच्यावर दडपण आणू नका. रिअलशूलमध्ये तो सुखात राहील." आणि पुढची वाट समजावून सांगितली: दहावीनंतर फॉखओबरशूल नावाची पुढची शाळा, तिथून विद्यापीठाला लागणारं आबिटूरसुद्धा करता येतं, काहीही बंद होत नाही. हवं तर मे महिन्यात तीन दिवसांचा चाचणीवर्ग आहे, त्यात जर्मन आणि गणित तपासतात, बसवून बघा. नवऱ्याने विचारलं, परदेशी मुलांसाठी 3.33 पर्यंतची सवलत असते म्हणे? असते, पण घरची भाषा जर्मन नाही आणि पहिलीपासून जर्मन शाळेतही नाही, अशांना. आमचा पहिल्या दिवसापासून तिथलाच. "घरी मराठीच बोला" हे आम्हाला तिथल्या बालवाडीच्या बाईंनीच सांगितलं होतं, आणि आम्ही ते निष्ठेने पाळलं होतं.

मुलगा बाहेर कोट टांगायच्या खुंट्यांखाली, शाळेतल्या सपाता घालून बाकावर बसला होता. आमची तोंडं बघून त्याने विचारलं, "मी रिअलशूलला गेलो तर चालेल ना? तोही तिकडेच जाणार आहे." तो म्हणजे त्याचा बाकावरचा मित्र. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. भुयारी गाडीत नवरा मेथी संपल्याबद्दल काहीतरी बोलला.

तर, झेपलं नाही का? त्याला झेपलं होतं हो. तो जायला तयार होता. रात्री मी आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे ब तुकडी?" त्या एका वाक्यानंतर चाचणीवर्गाचा विषयच निघाला नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये तो इथे पाचवीत बसला.

आमच्यासारख्यांची बाजूही ऐका. पिसा म्हणजे देशोदेशींच्या शाळकरी मुलांची तुलना करणारी चाचणी; तिचा पहिला अहवाल 2001 मध्ये आला, तेव्हा खुद्द जर्मनांनाच धक्का बसला होता, कारण आईवडील कोण यावर मुलाचे गुण ठरण्याचं प्रमाण तिथे फार निघालं. आमचा भाजीवाला तुर्की. साठच्या दशकात कामगार म्हणून आलेल्या बापाचा मुलगा. तो म्हणायचा, "मला चौथीत कुणी विचारलंच नाही, सरळ खालच्या शाळेत पाठवलं." दहाव्या वर्षी पोराचं काय ठरवता, हा माझा मुद्दा आजही चुकीचा नाही. पण तेव्हाची मी हा मुद्दा तत्त्व म्हणून मांडत होते का? गणितात 2 ऐवजी 1 आला असता, तर सरासरी 2.33 झाली असती आणि मी याच पद्धतीचे गोडवे गाणारा लेख कुठल्याशा दिवाळी अंकाला पाठवला असता.

आणि एक बाई आहे, जिच्यामुळे हे सगळं सांगताना माझी जीभ अडखळते. अलेप्पोची. तिची मुलगी आमच्याच वर्गात होती. 2015 मध्ये ते आले. पोरीला आधी खास निर्वासित आणि नवागतांच्या वर्गात टाकलं, मग इकडे. ती स्वतः अलेप्पोत गणिताची शिक्षिका. जर्मनीत शिक्षकाला दोन विषय लागतात, हिचा एकच, म्हणून पदवी अपुरी. ती शाळेतच दुपारी मुलांना जेवण वाढायची. आम्ही कंपनीच्या बोलावण्यावर, उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या ब्लू कार्डवर आलेले. तिला जर्मन भाषा आणि तिथल्या रीतीभाती शिकवणाऱ्या सातशे तासांच्या एकात्मता वर्गाला बसून भाषेची बी-वन परीक्षा पास व्हावं लागलं. तिच्या मुलीला ती 3.33 ची सवलत लागू झाली आणि पोरगी गिम्नाझियमला गेली. मला आनंद झाला असं मी तिला म्हणाले. झालाही होता, थोडा.

आम्ही परत जातोय म्हटल्यावर तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही. तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळी, म्हणून मला ती आवडायची. तिने विचारलं, बर्फात घालायचा सूट ठेवून जाशील का, धाकट्याला पुढच्या वर्षी बसेल. आणि ती सरावाची पुस्तकं? मी देताना पेन्सिलीची उत्तरं खोडायला घेतली. ती म्हणाली, राहू दे, मी खोडेन.

इथे आल्यावर काय झालं, तेही विचारता. मराठी घरात बोलली जात होती, पण लिहिता कुठे येत होतं? पहिल्या चाचणीत ऱ्हस्व-दीर्घाने त्याचा बळी घेतला. वर्गात वर्षभर "जर्मन" म्हणून हाक मारायचे. आठवीत फाउंडेशन बॅच लागली. तिथे दर महिन्याच्या चाचणीवर मुलं वरच्या-खालच्या बॅचमध्ये हलवतात आणि यादी पालकांच्या ग्रुपवर टाकतात. हे मला चालतं. का चालतं, ते विचारू नका. कदाचित इथे सगळेच त्या यादीत आहेत म्हणून.

यंदा त्याची बारावी झाली आणि तो म्हणतो, मला म्युनिकला शिकायचंय. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश नाही. एक तर जेईई ॲडव्हान्स्ड, नाहीतर इथल्या कॉलेजात एक वर्ष, नाहीतर तिकडे जाऊन श्टूडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा वर्ग. शिवाय इथली कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाचं प्रमाणपत्र वेगळं. आणि काकू, "फुकट"चं म्हणाल तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, पदवीला दर सेमिस्टर 2,000 ते 3,000 युरो. राहिलो असतो तर भरावी लागली नसती, हे नवऱ्याने मला सांगायची गरज नव्हती. सांगितलं.

बाकावरचा मित्र रिअलशूल संपवून एका कारखान्यात मेकाट्रॉनिकचं प्रशिक्षण घेतोय. शिकता शिकता महिन्याला हजार युरोंच्या वर पगार. परवा त्याचा फोटो आला, नव्या गाडीला टेकून उभा. मुलाने मोबाइल जेवणाच्या टेबलावर सरकवला, काही बोलला नाही. नवऱ्याने चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाला, "कर्जावर घेतली असेल."