शाळेला काय सांगितलं, काय मागितलं

‘मुलाला ओसीडी आहे हे शाळेला सांगितलंत? त्यांनी काही केलं?’ इंदूरच्या आमच्या रामबाग भागात, लग्नकार्यात, कधी भाजी घेतानासुद्धा मला हे विचारतात, बहुतेक वेळा हळू आवाजात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ओसीडी म्हणजे मनात नको ती शंका किंवा भीती पुन्हा पुन्हा येणं, आणि ती शमवायला एकच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं. हो, शाळेला हे सांगितलं. सासूबाईंना भीती होती की पोरावर शिक्का बसेल. पण शिक्का आधीच बसला होता, आळशीपणाचा. एक ओळ लिहायची, ‘बरोबर वाटत नाही’ म्हणून खोडायची, पुन्हा लिहायची, कागद फाटेपर्यंत. मॅडमना दिसते ती अर्धवट वही. शेरा येतो, ‘लक्ष देत नाही.’ खरं तर तो जिवाच्या आकांतानं लक्ष देत असतो. आणि हात धुण्याचा मंत्रचळ असेल तर आपल्या इंदुरात तो ओळखणंही कठीण. सकाळी कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं ऐकत आपली मुलं मोठी होतात. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. हाताची सालं निघेपर्यंत हात धुणाऱ्या मुलाचं इथं कौतुकच होतं.

शाळेकडे नुसती सहानुभूती मागू नका, नेमक्या गोष्टी मागा आणि त्या लेखी द्या. मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्रात निदानाबरोबर वर्गात काय करायचं तेही लिहून घ्या. आमच्या पत्रात होतं: खाडाखोडीचे गुण कापू नयेत, वही पुन्हा लिहून आणायला सांगू नये, सगळ्यांसमोर टोकू नये.

सर्वांत महत्त्वाचं मागणं मात्र ऐकायला कठोर वाटेल. ‘मॅम, हे बरोबर आहे ना?’ असं तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि प्रेमळ शिक्षिका दर वेळी ‘हो रे बाळा’ म्हणतात. त्यानं शंका क्षणभर शमते आणि दुप्पट जोरानं परत येते. ओसीडीच्या ईआरपी या उपचारात मुलगा थोडी थोडी भीती सोसतो, पण ती ठरावीक कृती करत नाही. अस्वस्थता आपोआप ओसरते हे त्याला अनुभवानं कळतं. शाळा दर शंकेला उत्तर देत राहिली, तर थेरपिस्टकडे मेहनतीनं कमावलेलं वर्गात वाया जातं. म्हणून आम्ही विनंती केली, उत्तर एकदाच द्या. पुढच्या वेळी मायेनं एवढंच म्हणा, ‘ही शंका ओसीडीची आहे, तू पुढे लिही.’ खोडरबर हिसकावून घेणं हाही उपाय नव्हे. तो किती आणि कधी कमी करायचा हे मुलानं आणि थेरपिस्टनं ठरवायचं, शाळेनं तेवढं पाळायचं.

परीक्षेतल्या जादा वेळाबद्दलही हेच. काही मुलांना तो हवाच असतो, काहींचा तो जादा वेळही खोडण्यातच जातो. थेरपिस्टना विचारूनच मागा. कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मानसिक आजार आहे, आणि शासनमान्य खासगी शाळाही त्या कायद्यात येतात. सीबीएसई बोर्डात तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळू शकतो, पण त्याला सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. आजाराची तीव्रता मोजूनच ते देतात, त्यामुळे ओसीडी असलेल्या प्रत्येक मुलाला मिळेलच असं नाही. नववीच्या नोंदणीआधीच चौकशीला लागा. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं.

दर एप्रिलला वर्ग बदलतो, मॅडम बदलतात. पत्राची प्रत तेव्हा पुन्हा द्या, भेटूनच द्या. आणि ती फक्त क्लासटीचरला देऊन थांबू नका. खेळाचे सर आणि बसमधल्या दीदी यांनाही दोन शब्दांत सांगा, कारण नळापाशी किंवा बसच्या पायरीवर मूल अडकतं तेव्हा त्याच्याजवळ तेच असतात.